हेल्पलाइनचं संकेतस्थळ बंद पडलं तेव्हा: टॉर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही

टॉर म्हणजे वाचणाऱ्याची ओळख झाकत बंद संकेतस्थळापर्यंत पोहोचवणारं नेटवर्क. संस्था, माणसं आणि देश यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

## पार्श्वभूमी

लैंगिक आरोग्य आणि एचआयव्ही या विषयांवर फोनवरून सल्ला देणारी ही एक छोटी हेल्पलाइन. एकूण नऊ माणसं: सहा समुपदेशक, दोन डॉक्टर आणि संगणकाचं सगळं बघणारी एक तंत्रज्ञ. फोन करणारे बरेच जण आधी संस्थेचं संकेतस्थळ वाचतात आणि मग धीर करून नंबर लावतात. त्यात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान म्हणजे संसर्गाची शक्यता असल्यास तातडीने काय करावं, हे सांगणारं. अशा वेळी घ्यायची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यामुळे हे पान दोन दिवस उघडलं नाही, तर कुणाची तरी ती मुदत निघून जाऊ शकते.

समुपदेशकही दिवसभर इंटरनेटवरच संदर्भ बघतात. फोन करणाऱ्यांच्या नोंदी मात्र वेगळ्या, बाहेरच्या कंपनीने चालवलेल्या प्रणालीत असतात. ही विभागणी पुढे महत्त्वाची ठरली.

## अडचण

एका सोमवारी सकाळी संकेतस्थळ उघडेना. पहिला दिवस सर्व्हर बिघडला असं समजून गेला. सर्व्हर दोनदा बंद-चालू झाला, प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं, होस्टिंग कंपनीला तक्रारही गेली. कंपनीचं उत्तर आलं: आमच्याकडून सगळं सुरळीत दिसतंय. मंगळवारी दुपारी एका डॉक्टरांच्या लक्षात आलं की घरच्या जोडणीवर न उघडणाऱ्या पानांमध्ये आपल्याबरोबर आरोग्याची आणखी दोन संकेतस्थळं आहेत. तेव्हा कुठे बंदीचा संशय आला.

हा दीड दिवस वाचवता आला असता. आपलं संकेतस्थळ उघडत नाही असं दिसलं की पहिला प्रश्न ‘सर्व्हर चालू आहे का’ हा नको. ‘कुणाला उघडतं आणि कुणाला नाही’ हा हवा. दोन वेगळ्या इंटरनेट कंपन्या आणि परदेशातली एक ओळखीची व्यक्ती, एवढ्यावर दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

## बंदी नेमकी कशी होती

तंत्रज्ञाने दोन इंटरनेट कंपन्यांच्या जोडण्या वेगवेगळ्या तपासल्या.

पहिल्या कंपनीकडे डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता (आयपी) सांगणाऱ्या यंत्रणेची, गडबड होती. संस्थेच्या नावाचा पत्ता विचारला की तिचा डीएनएस सर्व्हर भलताच आयपी देत होता. ब्राउझरमध्ये एनक्रिप्टेड (कंपनीला वाचता न येणारं) डीएनएस चालू केल्यावर खरा आयपी मिळाला आणि पान उघडलं.

दुसऱ्या कंपनीकडे आयपी बरोबर मिळत होता, जोडणीही सुरू होत होती, पण टीएलएसची (मजकूर कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीची) पहिली पाकिटं गेल्याबरोबर तुटत होती. मग ओपनएसएसएल या साधनाने त्याच आयपीशी पुन्हा जोडणी केली, फक्त संकेतस्थळाचं नाव दुसरंच सांगितलं. जोडणी टिकली. याचा अर्थ मधलं यंत्र आयपी बघत नव्हतं, टीएलएसच्या सुरुवातीला उघड्यावर जाणारं नाव वाचत होतं. अशा ठिकाणी डीएनएस बदलून काहीच होत नाही.

ऊनी प्रोब हे बंदी मोजणारं ॲप वापरावं का, यावर चर्चा झाली. साधन उत्तम आहे, पण त्याचे निकाल देश आणि इंटरनेट कंपनीच्या क्रमांकासह जाहीर होतात. शिवाय त्याच्या तयार यादीत अनेक ठिकाणी आक्षेपार्ह मानली जाणारी संकेतस्थळं असतात, आणि चाचणी करणाऱ्याच्या जोडणीवरून ती खरोखर उघडली जातात. म्हणून आपोआप निकाल पाठवण्याची सोय बंद करून फक्त स्वतःचा पत्ता तपासायचा, असं ठरलं.

## समोरचे पर्याय

एनक्रिप्टेड डीएनएस सोपं आणि फुकट, पण निम्म्याच लोकांच्या कामाचं. नव्या नावाने दुसरं संकेतस्थळ काढलं तर तेही आज ना उद्या बंद होणार. त्यात मोठा धोका असा की लोकांना एकदा नव्या नावांची सवय लागली, की मिळत्याजुळत्या नावाचं बनावट संकेतस्थळ काढणाऱ्याचं फावतं. कायदेशीर अर्ज करणं आवश्यकच होतं आणि तो केला गेला, पण त्याला आठवडे लागणार होते.

व्हीपीएन सगळी वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेतं; त्याचा वेग चांगला असतो. मात्र त्यात विश्वास इंटरनेट कंपनीकडून उचलून व्हीपीएन कंपनीवर ठेवावा लागतो. कोण काय बघतंय, हे तिला एकटीलाच सगळं दिसतं. फुकट व्हीपीएन ॲप फोन करणाऱ्यांना सुचवायला डॉक्टरांनी साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता.

टॉरमध्ये वाहतूक तीन रिलेंमधून, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या सर्व्हरमधून जाते. पहिल्या रिलेला तुमचा आयपी कळतो, पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याला ठिकाण कळतं, पण तुम्ही कोण ते कळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी साठत नाहीत. बदल्यात वेग कमी मिळतो, अनेक संकेतस्थळं अडवतात, आणि मुख्य म्हणजे टॉर वापरलं जातंय हे इंटरनेट कंपनीला दिसू शकतं.

## निर्णय: पोहोचायचं आहे की लपायचं आहे

इथे बैठकीत तासभर घोळ झाला, कारण ‘टॉर घ्यायचं की व्हीपीएन’ असा एकच प्रश्न सगळ्यांसाठी विचारला जात होता. माणसं वेगळी होती आणि त्यांची गरजही वेगळी होती. फळ्यावर तीन रकाने आखले तेव्हा वाट सापडली.

समुपदेशकांना बंद संदर्भ वाचायचे होते. हे लोक आरोग्याची पानं वाचतात हे कुणाला कळलं तरी बिघडत नव्हतं. त्यांना पोहोचायचं होतं.

नोंदींच्या प्रणालीवर बंदी नव्हतीच. तिथे टॉरचं काम नव्हतं.

संकेतस्थळ वाचणाऱ्यांना मात्र दोन्ही हवं होतं. पान उघडायला हवं, आणि ते उघडलं हे कुणाला कळायलाही नको. डॉट ओनियन पत्त्याचा (फक्त टॉरमधूनच उघडणारा संकेतस्थळाचा पत्ता) खरा उपयोग यांच्यासाठी होता.

त्यानुसार ठरलं: समुपदेशकांना वाचनासाठी टॉर ब्राउझर, नोंदींची प्रणाली नेहमीच्या जोडणीवर, आणि संकेतस्थळाची ओनियन आवृत्ती.

## अंमलबजावणी

ब्राउझर मिळवणं. टॉर प्रकल्पाचं संकेतस्थळही बंद होतं. त्यांच्या गेटटॉर या सेवेला ईमेल पाठवला की उत्तरात उतरवून घेण्याचे दुवे येतात; त्यातून फाइल मिळाली. दरम्यान एका समुपदेशकाने शोधयंत्रातून सापडलेली दुसरीच फाइल लॅपटॉपवर घेतली होती. दोन्ही फाइलींची डिजिटल सही जीपीजी या प्रोग्रॅमने तपासली. शोधयंत्रातल्या फाइलीची सही जुळली नाही, म्हणून ती न उघडता काढून टाकली. गेटटॉरच्या फाइलीला ‘गुड सिग्नेचर’ असा निकाल आला, पण खालोखाल सही करणारी किल्ली विश्वासार्ह म्हणून प्रमाणित नसल्याचा इशाराही आला आणि सगळे घाबरले. या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की किल्ली टॉरचीच आहे, असं तुम्ही स्वतः जीपीजीला कधी सांगितलेलं नाही. किल्लीचा ४० अक्षरी ठसा, म्हणजे ओळखक्रमांक, दुसऱ्या मार्गाने मिळवून ताडून पाहिला की झालं. इथे परदेशातल्या डॉक्टर मैत्रिणीने तो फोनवर वाचून दाखवला.

जोडणी. थेट जोडणी १० टक्क्यांपर्यंत येऊन थांबली. हे अपेक्षितच होतं: टॉरच्या रिलेंची यादी सार्वजनिक असते आणि ती बंद करणं सोपं. ब्राउझरबरोबर येणारे ओबीएफएस४ ब्रिजही (वाहतुकीचं रूप बदलून टॉरमध्ये नेणारे रिले) चालले नाहीत, कारण ते जगभर सगळ्यांना सारखेच मिळतात, बंदी घालणाऱ्यालाही. स्नोफ्लेक हा दुसरा मार्ग चालला. त्यात स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून वाट मिळते. पण समोरच्याने ब्राउझर मिटला की जोडणी अडखळायची आणि मोठी पीडीएफ अर्ध्यावर राहायची. शेवटी टॉर ब्राउझरमधूनच ‘ब्रिज मागवा’ ही सोय वापरून यादीत नसलेले ओबीएफएस४ ब्रिज घेतले. ते दोन लॅपटॉपवर लगेच चालले, दोनवर नाही.

पहिल्या अडलेल्या लॅपटॉपची गोष्ट सोपी होती. ब्रिजची ओळ मेसेजिंग ॲपमधून पाठवली होती. त्या ओळीत आयपी, पोर्ट, ४० अक्षरांचा ठसा आणि त्यापुढे ७० अक्षरांचं ‘सर्ट’ असतं. चिकटवताना सर्टच्या मधोमध ओळ तुटली होती आणि ब्राउझरने तिचे दोन निरुपयोगी ब्रिज केले होते. साध्या टेक्स्ट फाइलमधून पाठवल्यावर काम झालं.

दुसऱ्याने अख्खी दुपार खाल्ली. ओळ बरोबर होती, ब्रिज चालू होता, तरी जोडणी नुसती वाट बघून सुटायची. स्क्रीनवरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं, म्हणून तिकडे कुणी बघितलंच नाही. खरी गोष्ट अशी की टाइमझोन चुकीचा होता आणि कुणीतरी कधीतरी काटे हाताने पुढे करून ‘वेळ बरोबर’ केली होती. त्यामुळे आतली जागतिक वेळ काही तासांनी चुकत होती. ओबीएफएस४च्या पहिल्या संदेशात चालू तासाचा हिशेब असतो. साधारण तासाभराहून जास्त फरक पडला की ब्रिज गप्प राहतो. हे गप्प राहणं मुद्दाम आहे, कारण चाचपडत आलेल्या सरकारी यंत्रालाही तो असाच उत्तर देत नाही. म्हणूनच ‘घड्याळ तपासा’ असा संदेशही दिसत नाही. टाइमझोन दुरुस्त केला आणि अर्ध्या मिनिटात जोडणी लागली.

वापराचे नियम. एका कागदावर मावतील एवढेच ठेवले. टॉरमध्ये फक्त वाचायचं. वैयक्तिक ईमेल, बँक किंवा नोंदींच्या प्रणालीत लॉगिन करायचं नाही. उतरवलेली पीडीएफ किंवा वर्ड फाइल इंटरनेट चालू असताना बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची नाही, कारण आतला दुवा टॉरला वगळून थेट जाऊ शकतो. ॲडऑन टाकायचे नाहीत, खिडकी ओढून मोठी करायची नाही, सुरक्षा पातळी ‘सेफर’. टोरंट नाही. दोन वेगळ्या कामांच्या मध्ये ‘न्यू आयडेंटिटी’ (आधीचं सगळं पुसून नवी सुरुवात करणारं बटण).

लॉगिनचा नियम पहिल्याच आठवड्यात मोडला. एका समुपदेशकाने उघडलेल्या खिडकीतच नोंदींची प्रणाली उघडली. शेवटचा रिले वेगळ्या देशात होता, सुरक्षा यंत्रणेला ते चोराचं लॉगिन वाटलं आणि खातं दोन दिवस बंद झालं. समुपदेशकाची चूक म्हणून हे सोडून देणं बरोबर नाही. दोन ब्राउझर शेजारी उघडे असले की हात कुठल्याही खिडकीत जातो. नंतर टॉरसाठी वेगळा लॅपटॉप ठेवला आणि असं पुन्हा घडलं नाही.

ओनियन आवृत्ती. टॉरच्या सेटिंग फाइलीत दोन ओळी लिहिल्या: किल्ल्या कुठे ठेवायच्या आणि आलेली जोडणी आतल्या कोणत्या पोर्टला द्यायची. टॉर पुन्हा सुरू केल्यावर ५६ अक्षरांचा पत्ता तयार झाला. हे दहा मिनिटांचं काम. पुढचे चार दिवस त्यामुळे उघड झालेल्या गोष्टी निस्तरण्यात गेले.

ओनियन सेवेकडे येणारी प्रत्येक जोडणी वेब सर्व्हरला १२७.०.०.१ वरून, म्हणजे स्वतःच्याच यंत्रावरून आल्यासारखी दिसते. अपाचे या वेब सर्व्हरचं स्थितीदर्शक पान ‘फक्त याच यंत्रावरून बघता येईल’ असं ठेवलेलं होतं, ते ओनियनवरून कुणालाही दिसू लागलं. त्यात त्या क्षणी कोण कोणतं पान मागतंय याची यादी असते. चाचणीच्या वेळीच हे सापडलं, हे नशीब. दुसरीकडे, एका आयपीवरून मिनिटाला ठरावीक मागण्याच घेणाऱ्या नियमाने सगळ्या ओनियन वाचकांना एकच माणूस समजून हाकललं. तिसरी गोष्ट म्हणजे पानांमधले दुवे पूर्ण पत्त्याने लिहिलेले होते, त्यामुळे ओनियनवर आलेला वाचक पहिल्याच क्लिकला पुन्हा नेहमीच्या संकेतस्थळावर जायचा. अक्षरांचे फॉन्ट आणि नकाशाही बाहेरच्या कंपन्यांकडून येत होते. ते सगळं काढून फक्त मजकूर ठेवला. पान हलकं झालं, ते बरंच झालं.

संकेतस्थळ कुणाचं हे जगजाहीर असल्याने सर्व्हरची जागा लपवायची गरज नव्हती. म्हणून सर्व्हरच्या बाजूचे रिले कमी करणारी एकपदरी पद्धत वापरता आली आणि वेग वाढला. वाचकाच्या बाजूचे तीन रिले तसेच राहतात. किल्लीच्या फाइलची प्रत दोन पेन ड्राइव्हवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली. किल्ली गेली की पत्ताही गेला.

## सगळ्यात अवघड निर्णय

फोन करणाऱ्यांना टॉरबद्दल सांगायचं का? तंत्रज्ञाचं मत होतं, सगळ्यांना एसएमएस पाठवू या. एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंनी विरोध केला. त्यांचा प्रश्न साधा होता: एसएमएस वाचणारा हात कुणाचा असेल?

हेल्पलाइनला येणारे अनेक फोन घरात वाटून वापरल्या जाणाऱ्या मोबाइलवरून येतात. नवऱ्याचा, सासूचा किंवा मोठ्या भावाचा हात त्या फोनला लागतो. टॉर ब्राउझर भेट दिलेल्या पानांची यादी ठेवत नाही, पण ॲपचं चित्र स्क्रीनवर दिसतंच. अशा घरात बंदीपेक्षा त्या चित्राबद्दलच्या प्रश्नाची भीती मोठी.

म्हणून एसएमएस नाही, जाहिरात नाही. संकेतस्थळ उघडत नाही असं समोरच्याने स्वतःहून सांगितलं, तर समुपदेशक आधी विचारतात: “हा फोन आणखी कुणी वापरतं का? तुम्ही काय उघडलंत ते कुणी बघतं का?” उत्तर ‘हो’ असेल तर टॉरचं नाव निघत नाही. लागेल ती माहिती तिथेच बोलून सांगितली जाते, हवं तर दोनदा. उत्तर ‘नाही’ असेल आणि व्यक्तीला स्वतः वाचायचं असेल, तरच पुढची पायरी: अँड्रॉइडवर टॉर ब्राउझर, आयफोनवर ओनियन ब्राउझर, आणि त्या देशात टॉर वापरणं कायद्याच्या दृष्टीने कसं बघितलं जातं याची स्पष्ट कल्पना. ही कल्पना न देता कुणाच्या हातात हे साधन देणं बेजबाबदारपणाचं आहे.

## काय झालं

सात आठवड्यांनी पहिल्या कंपनीने बंदी उठवली. दुसरीकडे ती अजून आहे. समुपदेशकांचं वाचन दुसऱ्या आठवड्यापासून सुरळीत झालं. ओनियन पत्त्यावर येणारे वाचक थोडेच राहिले. बहुतेकांनी वाचण्याऐवजी सरळ फोन केला, म्हणून संध्याकाळच्या पाळीत एक समुपदेशक वाढवावा लागला. बंदीवरचा सर्वात उपयोगी उपाय हाच ठरला, असं मानायला जागा आहे.

एक चूक महागात गेली. एका हितचिंतकाने, मदत म्हणून, संस्थेचा ब्रिज दोनशेहून अधिक जणांच्या ग्रुपवर टाकला. तीन दिवसांत तो चालेनासा झाला. कारण तेच होतं असं सिद्ध करता येत नाही, पण ब्रिजचं सगळं बळ तो थोड्यांनाच माहीत असण्यात असतं. यानंतर परदेशातल्या एका सहकाऱ्याने वेबटनेल ब्रिज उभारून दिला. त्याची वाहतूक साध्या एचटीटीपीएससारखी दिसते आणि चाचपायला येणाऱ्याला तिथे एक नेहमीचं संकेतस्थळच दिसतं.

## काय वेगळं करता आलं असतं

ब्राउझरची तपासलेली फाइल, दोन-तीन ब्रिज आणि ओनियन पत्ता बंदीच्या आधीच हाताशी हवा होता. चालू असलेल्या संकेतस्थळावर पत्ता जाहीर करणं सोपं असतं. बंद पडल्यावर तो खरा आहे हे वाचकाला कसं पटवायचं, हा नवा प्रश्न उभा राहतो.

कार्यालयाच्या एकाच जोडणीवरून टॉर वापरण्याचा विचार पुरेसा झाला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी देणारा विद्यार्थी टॉर वापरूनही सापडला. टॉर फुटलं नव्हतं. त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉरला जोडलेले लोक थोडे होते आणि त्यात तो होता. त्याचं कृत्य गुन्हाच होतं, पण त्यातला तांत्रिक धडा सगळ्यांना लागू आहे: छोट्या नेटवर्कवर टॉर वापरणारा एकटा असेल तर तो उठून दिसतो. आरोग्याची पानं वाचणाऱ्या समुपदेशकांना हे चालण्यासारखं होतं. उद्या संस्थेकडे कुणी गोपनीय तक्रार घेऊन आलं, तर त्याने हीच जोडणी वापरू नये, हे नियमांच्या कागदावर तेव्हा लिहिलेलं नव्हतं.

आता लिहिलं आहे. त्याच कागदाच्या तळाशी दर तीन महिन्यांनी करायची कामं आहेत: ब्रिज चालतात का बघणं, ब्राउझर अद्ययावत करणं, बाहेरून ओनियन पत्ता उघडून स्थितीदर्शक पान बंदच आहे याची खात्री करणं, आणि प्रत्येक लॅपटॉपचा टाइमझोन.